मे महिन्यात तापलेली तपासणी किट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नॅनोतंत्रज्ञान म्हटले की कर्करोगावरची औषधे आणि पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येतात. हिवतापाच्या तपासणी पट्टीवरची लाल रेघ मात्र बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, आणि ही पट्टी आशाताईंच्या पिशवीत कधीपासून आहे. साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे हे कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून सोने असूनही लाल दिसतात.

सोन्याला मराठवाड्याच्या उन्हाचे काही वाटत नाही. बिघडतात ती कणांवर आणि पट्टीवर बसवलेली प्रतिपिंडे. ती प्रथिने आहेत; उष्णतेने त्यांची घडी विस्कटते आणि जंतूचे प्रथिन त्यांना धरता येत नाही. खोक्यावर बहुधा ३० किंवा ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत, उन्हात उभ्या जीपमध्ये त्याहून जास्त. हीच किट कामी येतात जुलै-ऑगस्टमध्ये, ताप वाढल्यावर. तोवर हवा गार झालेली असते आणि खोके पाहून काहीच कळत नाही.

'सी'ची (कंट्रोल) रेघ उमटली म्हणजे किट चांगले, हा समज फार पसरला आहे. द्रव पट्टीवरून पुढपर्यंत वाहिला आणि सोने सुटले, एवढेच ती सांगते. तिथले प्रतिपिंड जंतूचे प्रथिन शोधतच नाही, सोन्यावरच्या प्रतिपिंडाला धरते. म्हणून जंतू दाखवणारी 'टी'ची (टेस्ट) रेघ मेली तरी 'सी' ठसठशीत राहू शकते, आणि अंगात जंतू कमी असलेला रुग्ण निगेटिव्ह ठरून घरी जातो.

प्रत्येक आरोग्य केंद्राच्या औषधखोलीत कमाल-किमान तापमापक लावून रोज नोंद व्हावी. साठा पत्र्याखाली नको; गावात माळवदाची खोली मिळाली तर उत्तमच. फ्रीजमधले किट पाकीट न फोडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर पट्टीला ओल धरते. पावसाळ्याआधी प्रत्येक बॅचमधली काही किट जिल्हा प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली हिवताप पक्का झालेल्या नमुन्यांवर तपासावीत. नमुने कमी जंतूंचे घ्यावेत. भरपूर जंतू असले तर अर्धमेली पट्टीही रेघ दाखवते.

बफर, म्हणजे किटसोबत येणारा पट्टीवर टाकायचा द्रव, संपला म्हणून पाणी किंवा सलाइन टाकणे तर बंदच व्हावे, त्याने खोटी रेघ उमटू शकते. दुसऱ्या कंपनीचा बफरही चालत नाही.

पट्टी निगेटिव्ह आली, पण थंडी वाजून ताप येतोच आहे, अशा रुग्णाचा रक्तनमुना त्याच दिवशी काचपट्टीवर घ्यावा.

— वैद्यकीय प्रयोगशाळेतील काही तंत्रज्ञ, परभणी