भिंत पाडण्याआधी इंजिनिअरचा नकाशा बंधनकारक करा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची चार मजली सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि त्यात खांबांना हात घातल्याची रहिवाशांची तक्रार होती. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार इमारतीचा भाग काढण्याच्या कामाची पूर्वसूचना आयुक्तांना द्यावी लागते. सूट आहे ती रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे अशा किरकोळ दुरुस्तीला. प्रत्यक्षात मात्र हॉल आणि स्वयंपाकघर एक करायचे ठरले की सोसायटीचे ना हरकत पत्र घेतले जाते आणि कोणती भिंत पाडायची हे ठेकेदार ठरवतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझा आक्षेप नेमका इथे आहे. नऊ इंची भिंत भाराची, म्हणजे वरच्या स्लॅबचे ओझे पेलणारी, आणि साडेचार इंची म्हणजे नुसते पार्टिशन, हा साइटवरचा ठोकताळा पुष्कळदा बरोबर ठरतो, पण त्यावर विसंबता येत नाही, कारण जुन्या इमारतींत नंतर टाकलेला माळा किंवा स्लॅब पातळ भिंतीवरही टेकवलेला आढळतो. वरच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का, स्लॅबच्या सळ्या कोणत्या दिशेने धावतात, हे पाहिल्याशिवाय घण उचलू नये.

भाराची भिंत काढताच येत नाही असे नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना टेकू द्यावे लागतात, कारण स्लॅब दोन्हीकडून तिच्यावर टेकलेला असतो. आणि ते टेकू खालच्या मजल्यांतून थेट जमिनीपर्यंत न्यावे लागतात, नाहीतर वरचे सगळे ओझे खालच्या शेजाऱ्याच्या स्लॅबवर येते. मग हिशेब करून निवडलेला लोखंडी गर्डर दोन्ही टोकांना काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवायचा, वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या भरणमिश्रणाने) ठासून भरायची आणि ते पक्के झाल्यावरच टेकू हळूहळू सोडायचे. भिंतभर पसरलेला भार आता दोन टोकांवर एकवटतो, म्हणून तिथला पायाही तपासावा लागतो; घाईत नेमके हेच राहून जाते.

आतील भिंत काढण्यासाठी इंजिनिअरचा सहीचा नकाशा आणि टेकूंची योजना वॉर्ड कार्यालयात सादर करणे बंधनकारक करावे, त्याची प्रत वरच्या व खालच्या मजल्यावरील रहिवाशांना द्यावी आणि तोडकामाच्या दिवशी त्या इंजिनिअरने साइटवर हजर राहावे, असा आदेश आपण राज्यातील सर्व महापालिकांसाठी काढावा, ही विनंती. मात्र अशा अर्जावर सात दिवसांत निर्णय देण्याचे बंधनही कार्यालयावर घालावे, कारण परवानगी महिनोन्‌महिने रखडली तर लोक दार लावून भिंत पाडतील आणि खालच्या घरात राहणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, मुंबई