सर्व्हरचाही ‘उपयुक्त साठा’ मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की खडकवासला धरणसाखळीचे आकडे पुण्यातल्या वृत्तपत्रांत रोज छापून येतात. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारे २९ टीएमसी. हा आकडा उपयुक्त साठ्याचा असतो; तळाचे जे पाणी उचलता येत नाही, ते त्यात धरलेले नसते. पुणेकराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मात्र याच शहरातल्या पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये आणि भोसरी-चाकणचे लघुउद्योग सर्व्हर घ्यायला बसतात, तेव्हा गाळासकट सगळे पाणी मोजतात. निविदेत एकूण कोअर (प्रोसेसरची गणना करणारी एकके), एकूण रॅम, एकूण टेराबाइट असे तीन आकडे असतात आणि त्यांवर सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. एक सर्व्हर बंद पडला तर उरलेल्यांवर किती काम चालेल, हा रकानाच नसतो. आमचे म्हणणे त्या रकान्याबद्दल आहे.

एका दणकट सर्व्हरवर सॉफ्टवेअरने तयार केलेले वीस-पंचवीस आभासी सर्व्हर, म्हणजे बोलीभाषेत व्हीएम, चालवण्याची पद्धत चांगलीच आहे. वीज वाचते, जागा वाचते, जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर नेता येते. पण पूर्वी एक यंत्र बिघडले की एक काम अडायचे. आता एक बिघडले की वीस-पंचवीस कामे एकदम अडतात. म्हणून हिशेब नेहमी एक यंत्र पडले आहे असे धरूनच करायचा.

उदाहरण घेऊ. तीन सर्व्हर, प्रत्येकात १६ कोअरचे दोन प्रोसेसर आणि ५१२ जीबी रॅम. कागदावर ९६ कोअर आणि १५३६ जीबी. यातला एक सर्व्हर राखीव धरा. उरलेल्या दोघांत १०२४ जीबी. हायपरवायजर (व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्याच्या सोबतची साठवण-प्रणाली या दोन्हींना मिळून प्रत्येक सर्व्हरवर ३२ जीबी सोडा, म्हणजे राहिले ९६०. त्यातले ८० टक्केच भरायचे, कारण रॅम काठोकाठ भरली की अचानक वाढणाऱ्या मागणीला जागा राहत नाही. झाले ७६८, म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या बरोबर निम्मे. हे यंत्र तीन वर्षे पुरायचे असेल आणि मागणी दरसाल १५ टक्क्यांनी वाढणार असेल, तर पहिल्या दिवशी त्यावर ५०५ जीबीपेक्षा जास्त व्हीएम बसवू नयेत. १५३६ मधले ५०५. हा आकडा ऐकून संचालक मंडळ दचकते, पण दचकायचे ते खरेदीच्या आधी.

पुण्यातल्या लहान संस्थांत दोनच सर्व्हरची जोडी जास्त दिसते. प्रत्येकी २५६ जीबी, एकूण ५१२, आणि त्यावर ३८० जीबीचे व्हीएम. ‘अजून पंचवीस टक्के मोकळे आहे’ असा अहवाल जातो. यातला एक सर्व्हर पडला की दुसऱ्यात, हायपरवायजरला १६ सोडून, हातात येतात जेमतेम २४० जीबी, म्हणजे १४० जीबीचे व्हीएम उघड्यावर. पुढे काय होते ते हायपरवायजर कोणता आहे (मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही, व्हीएमवेअर की लिनक्सवरचा केव्हीएम) त्यावर अवलंबून आहे. हायपर-व्हीमध्ये ठरावीक रॅम दिलेले मशिन जागा नसेल तर सुरूच होत नाही. व्हीएमवेअरमध्ये राखीव रॅम नोंदवलेली नसेल तर ते सुरू होते, पण हायपरवायजर आधी ‘बलूनिंग’ या युक्तीने व्हीएमकडून रॅम काढून घेतो, मग ती आवळतो आणि शेवटी रॅममधला मजकूर डिस्कवर हलवतो, म्हणजे स्वॅप करतो. पडद्यावर सगळे दिवे हिरवे, आणि काउंटरवर एक पासबुक छापायला पाच मिनिटे. केव्हीएमवर प्रत्येक व्हीएम ही लिनक्सची एक प्रक्रिया असते, आणि लिनक्सचा गाभा (कर्नल) रॅम संपल्यावर एखादी प्रक्रिया थेट मारून टाकतो; त्यात सर्वांत मोठी प्रक्रिया, म्हणजे बहुधा तुमचा डेटाबेसच, पहिला जातो.

यावर ‘आमच्याकडे हाय अव्हेलेबिलिटी आहे, अ‍ॅडमिशन कंट्रोलही चालू आहे’ असे उत्तर मिळते. पहिली म्हणजे पडलेल्या सर्व्हरवरचे व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय; दुसरे म्हणजे जागा उरणार नसेल तर नवे व्हीएम सुरू होऊ न देणारा राखणदार. पण हे पुरेसे नाही. व्हीएमवेअरचे अ‍ॅडमिशन कंट्रोल हिशेब करते तो मुख्यतः राखीव नोंदवलेल्या रॅमचा आणि प्रोसेसरचा, प्रत्यक्ष वापराचा नव्हे. एकाही व्हीएमला राखीव काही दिलेले नसेल, तर त्याच्या दृष्टीने क्लस्टर, म्हणजे सर्व्हरांचा समूह, जवळजवळ रिकामाच असतो. त्याच पानावर ‘व्हीएम किती कामगिरी-घट सोसतील’ असा एक आकडा भरायचा असतो. तो मुळात १०० टक्के असतो, म्हणजे कितीही घट झाली तरी इशारा नको. तो शून्यावर किंवा फार तर १०-१५ वर आणल्याशिवाय हे राखणदार जागे होत नाही. सोबत पुन्हा सुरू होण्याचा क्रम ठरवा: आधी डोमेन कंट्रोलर (लॉग-इन तपासणारा) आणि डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणारा), मग डेटाबेस, मग अ‍ॅप्लिकेशन. क्रम उलटा झाला तर अ‍ॅप्लिकेशन डेटाबेस शोधत अडकून बसते आणि ते हाताने पुन्हा चालू करावे लागते. दोन डोमेन कंट्रोलर घेऊन ते एकाच सर्व्हरवर ठेवण्याची चूकही नेहमीची; ते वेगळ्या यंत्रांवर राहतील असा नियम लावायलाच हवा.

प्रोसेसरचे गणित वेगळे. रॅम वाटून संपते, प्रोसेसर मात्र पाळीपाळीने वापरता येतो. साध्या कामाच्या व्हीएमसाठी एका खऱ्या कोअरवर चार आभासी कोअर चालतात. जड डेटाबेससाठी एकास एक, फार तर एकास दोन. हायपर-थ्रेडिंगमुळे कोअर दुप्पट दिसतात, पण ताकद दुप्पट होत नाही, म्हणून हिशेबात खरे कोअरच धरावेत. सॉफ्टवेअर विकणारा ‘आठ कोअर, ३२ जीबी’ मागतो आणि आपण निमूट देतो, ही सवय सोडली पाहिजे. जास्त कोअर दिले की त्या व्हीएमच्या कोअरना पाळीसाठी जास्त थांबावे लागू शकते आणि शेजारचेही खोळंबतात. दोन कोअरवर सुरू करा, मोजा, मग वाढवा. वाढवणे पाच मिनिटांचे काम आहे. दिलेले काढून घेताना मात्र भांडण होते.

खोळंबा मोजायचा तो ‘सीपीयू रेडी’ (प्रोसेसरच्या रांगेत गेलेला वेळ) या आकड्याने, आणि तो बहुतेक जण चुकीचा वाचतात. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरच्या ताज्या आलेखात तो २० सेकंदांच्या खिडकीत मिलिसेकंदांत येतो आणि सगळ्या आभासी कोअरची बेरीज असतो. समजा, ४००० दिसले. मशिन आठ कोअरचे असेल तर प्रत्येकी ५००, म्हणजे २० हजारांतले अडीच टक्के, काळजी नको. तेच ४००० एका कोअरच्या मशिनवर दिसले तर २० टक्के, म्हणजे दर पाच सेकंदांतला एक सेकंद नुसता रांगेत. पाच टक्क्यांच्या पुढे लक्ष द्यावे. दहाच्या पुढे वापरणाऱ्यालाच जाणवते. केव्हीएमवरच्या लिनक्स मशिनमध्ये ‘टॉप’ आज्ञेतला ‘एसटी’ हा रकाना हेच सांगतो.

सर्वांत जास्त फसगत डिस्कमध्ये होते, कारण तिथे टेराबाइट विकत घेतले जातात आणि वेग गृहीत धरला जातो. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांची एक सॅस (सर्व्हरसाठीची फिरती) डिस्क सेकंदाला साधारण १४० वाचन-लेखने करते. आठ डिस्क म्हणजे ११२०. पण रेड, म्हणजे डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क जोडण्याची पद्धत. तिच्या रेड ५ या प्रकारात एका लहान लेखनासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्यासाठीची नोंद) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशा चार हालचाली होतात. ६० टक्के वाचन आणि ४० टक्के लेखन असेल तर ११२० भागिले २.२ (०.६ अधिक ०.४ गुणिले ४), म्हणजे ५०९ हाती येतात. त्याच आठ डिस्क रेड १० मध्ये (एका लेखनाला दोन हालचाली) ८०० देतात, रेड ६ मध्ये (सहा हालचाली) अवघ्या ३७३. आता २५ व्हीएम प्रत्येकी सरासरी २५ वाचन-लेखने मागत असतील तर झाले ६२५, आणि सकाळी दहाला सगळे एकदम लॉग-इन करतात तेव्हा याच्या दुप्पट-तिप्पट. रेड ५ तर सरासरीलाच कमी पडला. एसएसडी (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्क) घेतल्या तर हा प्रश्न बराच सुटतो, पण मग दिवसाला किती लेखन सोसेल तो आकडा बघावा. डेटाबेसखाली वाचनासाठी बनवलेली स्वस्त एसएसडी घालू नये.

जागेतही गाळ असतोच. व्हीएमवेअरमध्ये ६४ जीबीचे मशिन राखीव रॅमशिवाय चालू केले की डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवण्याच्या सामाईक जागेवर) ६४ जीबीची स्वॅप फाइल तयार होते. अशी वीस मशिने २४ जीबीची असली तर ४८० जीबी त्यातच गेले, आणि हे कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेले नसते. दुसरी गोष्ट स्नॅपशॉटची, म्हणजे मशिनची त्या क्षणाची स्थिती गोठवून पुढचे बदल वेगळ्या फाइलीत साठवण्याची. अपडेटच्या आधी स्नॅपशॉट घेतला, अपडेट झाले आणि तो काढायचा राहून गेला. रोज ४० जीबी बदलणाऱ्या डेटाबेसचा स्नॅपशॉट दहा दिवसांत ४०० जीबीपर्यंत जाऊ शकतो. पातळ वाटप, म्हणजे थिन प्रोव्हिजनिंग, केलेले असेल तर कागदावर सगळ्यांच्या डिस्क मोठ्या आणि खाली खरी जागा थोडी. डेटास्टोअर भरला की त्याच्यावरची ज्यांना नवी जागा हवी ती सगळी मशिने थांबतात, एकट्या दोषी मशिनवर भागत नाही. तीन दिवसांपेक्षा जुना स्नॅपशॉट ठेवू नये आणि डेटास्टोअरचा पाचवा भाग कायम मोकळा असावा.

हल्ली परवान्यांच्या खर्चामुळे अनेक जण केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्सकडे आणि अनेक सर्व्हरांच्या डिस्क एकत्र जोडणाऱ्या ‘सेफ’ (Ceph) साठवण-प्रणालीकडे वळत आहेत. तिथे डेटाच्या तीन प्रती राहतात, म्हणजे ३० टेराबाइटचे आधी १० होतात. भरण्याचा पहिला इशारा ८५ टक्क्यांवर येतो आणि ९५ ला लेखन बंद पडते. तीन सर्व्हर आणि प्रत्येकात चार डिस्क अशी रचना असेल तर एक डिस्क गेल्यावर तिचा भार त्याच सर्व्हरच्या उरलेल्या तीन डिस्कवर येतो, कारण तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवरच ठेवायच्या असतात. त्यानंतरही ८५ च्या आत राहायचे तर आधीचा भरणा ६४ टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये. म्हणजे ३० टेराबाइटमध्ये उपयुक्त जागा सव्वासहा-साडेसहा टेराबाइट.

कंपन्यांच्या पत्रकातल्या कमाल मर्यादा वाचून कोणी हुरळून जाऊ नये. एका यंत्रावर १०२४ व्हीएम, ६२ टेराबाइटची एक आभासी डिस्क, हे सॉफ्टवेअरला मोजता येते एवढेच. एक गिगाबिटच्या जाळ्यावरून सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. त्या हिशेबाने ६२ टेराबाइट बॅकअपमधून परत आणायला साडेसहा दिवस लागतील. दहा टेराबाइटलाही पंचवीस तास लागतात, म्हणजे रात्रीच्या बॅकअपची वेळ संपून दुसरा दिवस मावळतो. व्हीएमचा आकार ठरवताना तो किती वेळात परत उभा करायचा आहे, हे आधी ठरवावे.

परवाने हीसुद्धा क्षमतेची मर्यादाच आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये यंत्राचे सगळे कोअर परवानाबद्ध केल्यावर दोन व्हीएम मिळतात. पुढच्या दोघांसाठी पुन्हा सगळे कोअर. तीन यंत्रांवर वीस मशिने असतील तर एरवी प्रत्येकावर सहा-सात, पण एक पडल्यावर प्रत्येकावर दहा, तेव्हा परवाने दहाचे हवेत. एका यंत्रावर डझनभर विंडोज मशिने होणार असतील तर व्हीएमच्या संख्येवर मर्यादा नसलेली डेटासेंटर आवृत्तीच परवडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून वर्गणी कोअरवर आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून आहे, त्यामुळे आठ कोअरचा प्रोसेसर घेऊन बचत होत नाही.

नारायण-शनिवार पेठेतल्या जुन्या इमारतीत जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर ठेवणाऱ्यांनी उन्हाचाही हिशेब करावा. तीन सर्व्हर, स्टोरेज आणि स्विच मिळून तीन किलोवॅट जळत असतील तर तेवढीच उष्णता त्या खोलीत सुटते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, म्हणून दीड टनाचे दोन एसी आलटून पालटून चालवावेत. वीज गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतात आणि एसी बंद पडतो. एप्रिलच्या दुपारी बॅटरी संपण्याआधी खोलीच तापते. एसी जनरेटरवर असलाच पाहिजे.

हे सगळे आकडे ठरवण्याआधी सध्याचा वापर मोजावा लागतो, आणि सरासरीने फसू नये. व्हीसेंटर महिन्याच्या आलेखात दोन-दोन तासांची सरासरी दाखवते. सकाळी अर्धा तास ९५ टक्के आणि पुढचा दीड तास १० टक्के असा भार असेल तर आलेखात दिसतात ३१ टक्के. म्हणून पाच मिनिटांच्या नोंदी वेगळ्या साठवाव्यात, निदान पाच आठवडे, म्हणजे एक महिनाअखेर त्यात येते. पतसंस्थेने मार्च आणि महाविद्यालयाने प्रवेशाचे दिवस धरावेत. मग ९५ टक्के नोंदी ज्याच्या खाली येतात तो आकडा घेऊन मांडणी करावी.

खरेदी समित्यांना आमची विनंती आहे की निविदेत एकूण क्षमतेशेजारी ‘एक यंत्र बंद असताना उपयुक्त क्षमता’ हा रकाना सक्तीचा करावा: कोअर, रॅम, सेकंदाची वाचन-लेखने आणि जागा, चारही. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी पुरवठादारासमोर, सगळे व्हीएम चालू असताना, एका सर्व्हरच्या दोन्ही वीजजोडण्या काढाव्यात. शेवटचा व्हीएम किती मिनिटांत परत आला आणि तेव्हा सीपीयू रेडी व स्वॅप किती होते, ते हस्तांतर-पत्रावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

आपले,
सर्व्हर व साठवण व्यवस्थेची आखणी करणारे काही अभियंते,
पुणे