तलावातल्या माशांची पण मोजणी करा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तलावाच्या प्रदूषणाची बातमी आली की त्यात पीएच (पाण्याची आम्लता), बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो ते), नायट्रेट असले आकडे असतात, ते पाहिजेतच, पण मला दरवेळी वाटतं की त्या पाण्यात जे मासे राहतात त्यांचं काय, त्यांना कुणी मोजलं का? बाटलीतला नमुना त्या घटकेपुरतं सांगतो. शेवाळ माजलेल्या तलावात भर दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे तोच पार खाली गेलेला असतो कारण रात्री शेवाळ स्वतःच तो वापरतं, म्हणजे दुपारी बाटली भरली की रिपोर्ट एकदम छान! मासा मात्र त्याच पाण्यात वर्षानुवर्षं, दिवसरात्र राहतो.

यावर लोक म्हणतात, आमच्या तलावात मासे भरपूर मिळतात, म्हणजे पाणी चांगलंच असणार. इथेच गफलत होते. सांडपाणी आणि शेतातलं खत येऊन फॉस्फरस वाढला की माशांचं एकूण वजन बरेचदा उलट वाढतं, पण कोणत्या माशांचं ते बघा ना. गार, स्वच्छ, खोल पाणी लागणारे आधी जातात आणि कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे कार्पसारखे मासे वाढतात, ते तळचा गाळ उकरतात, पाणी अजून गढूळ होतं, पाणवनस्पतींना ऊन मिळत नाही. शिकारी मासे कमी झाले तर छोटे मासे बेसुमार वाढतात, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव ते फस्त करतात आणि शेवाळाला रान मोकळं. म्हणून किती किलो मासे निघाले याला माझ्या मते फारसा अर्थ नाही, जाती किती, कोण काय खातो आणि वयं काय हे बघायला हवं.

वयाचं तर फार महत्त्वाचं आहे. आम्ल पावसाने नॉर्वे-स्वीडनमधले हजारो तलाव बिघडले, तिथे अंडी आणि पिल्लं आधी मेली, मोठे मासे तगले. जाळ्यात मोठाले मासे येतायत म्हणजे सगळं ठीक असं वाटत राहतं, पण मागून नवी पिढीच नाही, मग ते म्हातारे संपले की तलाव रिकामा. खवल्यांवरच्या वलयांवरून वय काढता येतं, त्यामुळे हे आधीच कळू शकतं.

यात नवीन काही नाही. अमेरिकेत जेम्स कार यांनी 1981 मध्ये माशांवरून ओढ्यानद्यांच्या तब्येतीला गुण द्यायची 12 निकषांची पद्धत मांडली, पुढे ती बदल करून तलावांनाही लावली गेली. युरोपच्या 2000 सालच्या पाणी कायद्यात तलावाची स्थिती ठरवताना माशांच्या जाती, संख्या आणि वयोगट बघायला सांगितलंय. तिकडे एकाच जाळ्याला 5 ते 55 मिलिमीटरपर्यंत 12 मापांची भोकं असतात, म्हणजे मोठ्यांबरोबर लहान मासेही सापडतात. त्यात मासे मरतात हे मलाही खटकतं, आता पाण्यात सुटलेल्या माशांच्या डीएनएवरून जाती ओळखता येतात पण वय त्यातून कळत नाही. आणि बाहेरून आणून सोडलेले मासे वेगळे मोजायलाच हवेत, नाहीतर सगळा हिशोब चुकतो.

मेलेले मासे तरंगायला लागले की फोटो छापून येतात, तोवर फार उशीर झालेला असतो. म्हणून विनंती आहे, तलावाची पुढची बातमी करताना अधिकाऱ्यांना एवढं विचारा, माशांची शेवटची मोजणी कधी झाली, तेव्हापासून कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या, आणि यंदा पिल्लं सापडली का?

आपला,
एक नियमित वाचक