तक्रार पत्र: न सोडवताच बंद केलेली डेस्कटॉपची तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: सुरू होताना हँग होणारा डेस्कटॉप, आगाऊ पैसे घेऊनही न झालेली दुरुस्ती आणि तुमच्या माणसाची बोलण्याची पद्धत

महोदय,

आत्ताच तुमच्या टोल फ्री नंबरवर बोलून फोन ठेवला. लगेच मोबाइलवर मेसेज आला की तक्रार सोडवून बंद केली आहे. कॉम्प्युटर माझ्या समोर टेबलावर तसाच लोगोवर अडकून पडलाय. नेमकं काय सोडवलंत ते मला लेखी कळवा.

मशीन तुमचंच आहे, 2014 साली तुमच्या नाशिकच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं. चौथ्या पिढीचा आय 3, डीडीआर 3 रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क, आणि नंतर टाकलेलं विंडोज 10. बटण दाबलं की तुमचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरायला लागतात आणि मध्येच थांबतात. त्यानंतर कॅप्स लॉक दाबलं तरी कीबोर्डवरचा दिवा लागत नाही. हार्ड डिस्कचा दिवा मात्र न लुकलुकता सलग पेटलेला राहतो. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं.

हे मी दर फोनला पहिल्यापासून सांगत आले आहे. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममधली, तारीख मागे जात होती म्हणून मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा बटणासारखा सेल बदलला. तारीख टिकायला लागली, हँग होणं तसंच राहिलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून, खोडरबरने पुसून, एकेक करून लावल्या. फरक नाही. हार्ड डिस्कची केबल काढून ठेवली, तर बायोसचा मेनू कितीही वेळ उघडा ठेवला तरी अडकला नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्याच बायोसमध्ये डिस्क तपासायची सोय दिलेली आहे. ती चालवली की हार्ड डिस्क फेल असं येतं आणि खाली एक लांबलचक कोड दिसतो. तो कोड तुमच्या कंपनीने ठरवलेला आहे. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. आजवर तुमच्या एकाही माणसाने तो लिहून घेतलेला नाही.

त्याऐवजी मला सांगतात की विंडोज 10 बंद झालंय म्हणून हँग होतंय, नवीन घ्या, एक्स्चेंजची ऑफर चालू आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. त्यामुळे कॉम्प्युटर लोगोवर अडकत नसतो. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि यापेक्षा बराच नवा प्रोसेसर लागतो, तेही मला ठाऊक आहे. मी ते मागितलेलंच नाही.

वॉरंटी संपली आहे म्हणून घरी इंजिनिअर पाठवायचे 1,180 रुपये तुम्ही जीएसटीसकट आधीच घेतलेत. इंजिनिअर आला नाही. आज मीच परत फोन लावला, तेव्हाचं बोलणं इथे लिहिते. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात, तेव्हा पडताळून घ्या.

तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, रिमोटवर घेतो, तेवढं एनीडेस्क डाउनलोड करा."

एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं सॉफ्टवेअर. मी म्हटलं, "कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये. डाउनलोड कुठे करू?"

"मग एफ 8 दाबून सेफ मोडला जा."

मी सांगितलं की विंडोज 10 मध्ये एफ 8 मुळातच बंद ठेवलेलं असतं, वेगळी सेटिंग केल्याशिवाय चालत नाही. सुरू होता होता लागोपाठ बंद करून रिकव्हरीपर्यंत, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या स्क्रीनपर्यंत, मी पोचले होते, तिथून सेफ मोडही (अगदी गरजेपुरतंच चालणारं विंडोज) निवडला, तोही अडकतो. यावर तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "तर मग रिकव्हरीतूनच फॅक्टरी रिसेट मारा."

"त्याने डेटा जाईल ना?"

"डेटा म्हणजे काय मॅडम, घरचे फोटोच असतील ना?"

मी म्हटलं, फोटो नाहीत, बागेचे हिशोब आणि फवारणीच्या नोंदी आहेत. डिस्क फेल दाखवतेय, अशा डिस्कवर रिसेट करायचं नसतं, कोड देते तो लिहून घ्या. तर म्हणतो, "मिस्टर आहेत का घरी? त्यांच्याकडे द्या फोन, त्यांना पटकन कळेल."

माझे मिस्टर बागेत होते. घरी असते तरी त्यांनी फोन माझ्याच हातात दिला असता, कारण या घरातला कॉम्प्युटर पहिल्यापासून मी सांभाळते. कोड सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्याने "आणखी काही मदत हवी आहे का" विचारून फोन कट केला. आणि वर तक्रार सोडवल्याचा मेसेज! ही पद्धत तुम्ही शिकवता का?

त्या डिस्कमध्ये काय आहे ते सांगते. आमची द्राक्षबाग निर्यातीसाठी नोंदवलेली आहे. गोडी छाटणीपासून (फळासाठी करतात ती छाटणी) काढणीपर्यंत डाउनी, भुरी या बुरशीच्या रोगांसाठी कोणतं औषध कोणत्या तारखेला किती मारलं, शेवटच्या फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. युरोपात माल जायचा तर औषधाचा अंश मर्यादेत लागतो आणि नोंदी मागितल्या की दाखवाव्या लागतात. आधीच्या हंगामांच्या नोंदींची प्रत माझ्याकडे आहे, चालू छाटणीच्या नोंदी फक्त त्या डिस्कवर आहेत. रिसेटमध्ये डिस्कवर भरमसाट लिहिलं जातं. खराब सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) असलेली डिस्क त्यातच दम तोडू शकते आणि मग आहे तेही वाचता येत नाही. आधी डिस्कची प्रत काढायची, बाकीचं नंतर. हे मला सांगायला लागावं, तेही कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला?

नाशिकमध्ये मेहेर सिग्नलच्या आसपास हे काम करून देणारी दुकानं आहेत. तरी मी तुमच्याकडे आले, कारण पूर्वी याच मशीनचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) गेला तेव्हा तुमचा इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी घरी आला होता, पार्ट बदलून, चालू करून दाखवून गेला. त्या भरवशावर मी ओळखीच्या कितीतरी जणांना तुमचंच मशीन घ्यायला लावलं. आता कोणी विचारलं तर काय सांगू?

मला नवीन कॉम्प्युटर नकोय. बंद केलेली तक्रार परत उघडा. कोड लिहून घ्या. ज्यासाठी पैसे घेतलेत तो इंजिनिअर पाठवा. त्याने येताना एसएसडी (नव्या प्रकारची डिस्क) आणावी, तिचे पैसे मी वेगळे देईन. जुन्या डिस्कची होईल तेवढी प्रत आधी तिच्यावर काढायची. माझ्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट किंवा रिसेट करायचं नाही. हे जमणार नसेल तर 1,180 रुपये परत करा आणि जमत नाही असं लेखी द्या.

सात दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी जिथे राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यायची मला गरज नाही. पैसे घेऊन काम न करणं ही सेवेतली त्रुटी आहे. पावती, मेसेज आणि कोडचा फोटो सोबत जोडला आहे.

इंजिनिअर निघण्याआधी फोन करा. नोंदवलेला नंबर माझा आहे आणि बोलायचं माझ्याशीच.

तुमची ग्राहक,
मखमलाबाद, नाशिक