मॅडम, तुम्ही रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलंत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

व्हायवा झाला, मार्क लागले, आता तुमच्याकडून मला काही मिळवायचं राहिलेलं नाही. म्हणूनच आज लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला रिसर्च मिळालं तेव्हा घरात केवढं कौतुक झालं होतं. पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के असल्याशिवाय ते मिळत नाही. १२ क्रेडिटचं डिसर्टेशन, म्हणजे संशोधनाचा प्रबंध, आणि तोही स्वतःचं स्वतः करायचं. हे 'स्वतःचं' माझ्या आधीच्या गाइडनी पहिल्याच भेटीत निकालात काढलं. "कपाटात जुनी डिसर्टेशनं आहेत. एक घे, गाव बदल, आकडे बदल." माझा विषय होता १९७२ च्या दुष्काळात कामावर गेलेल्या बायका. त्यावर म्हणाले, "म्हाताऱ्यांच्या गप्पांना कोण संशोधन म्हणतं?" सिनॉप्सिसवर, म्हणजे विषयाच्या आराखड्यावर, सही मात्र लगेच केली, एक पानही न उलटता. त्यानंतर मी आणि स्टाफरूमचं दार. "नंतर ये." "मीटिंग आहे." "मेल कर." मेलला उत्तर कधी आलंच नाही. हे लिहिताना आजही संताप होतो. माझ्यासारखी कितीतरी पोरं त्या दाराशी ताटकळून शेवटी त्या कपाटाकडेच वळली असतील, आणि संशोधन म्हणजे हेच असतं असं समजून बाहेर पडली असतील.

गाइड बदलून मी तुमच्याकडे आले. तुम्ही सिनॉप्सिस बाजूला ठेवून आधी विचारलंत, "आजवर कुणाशी बोललीस?" माण तालुक्यातल्या आजींचं नाव घेतलं, तर तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसलात. खडी फोडणं, पाझर तलावावरची माती, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी... मी सांगत राहिले आणि तुमचा चहा तसाच गार झाला.

रोजगार हमीच्या चॅप्टरला मी अडले होते. पुस्तकातून सगळं जमवलं होतं. योजनेचे जनक वि. स. पागे, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झालेला तिचा पहिला प्रयोग, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी, पुढे २००५ चा केंद्राचा कायदा. पण ते वाचताना मलाच कंटाळा यायचा. तुम्ही पर्समधून तुमची पगाराची स्लिप काढलीत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. व्यवसाय कर, २०० रुपये. "हा कर १९७५ साली रोजगार हमीला पैसा उभा करायला लावला. पगारदारांच्या खिशातून खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी. माझ्याही पगारातून जातो. आता लिही." त्या रात्री चॅप्टर एका बैठकीत झाला.

पण मॅडम, हे पत्र मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितेय.

मुलाखतींचं टाइप केलेलं सगळं मी तुम्हाला दिलं होतं, सोबत पेनड्राइव्हवर मूळ रेकॉर्डिंग. ते कुणी ऐकेल असं माझ्या मनातही नव्हतं. नियमाप्रमाणे जोडायचं, म्हणून जोडलेलं. आठवडाभरात कागद परत आले. सगळीकडे पेन्सिलीने बारीक अक्षरात खुणा. आजींच्या मुलाखतीत त्या बांधावर झोळी बांधून धाकट्याला ठेवायच्या आणि खाली दगड फोडायला जायच्या, ते सांगतात. "त्या साली धाकटा..." इथे वाक्य तुटतं, आणि पुढे एकदम, "सुकडी गोड असायची बघ." या दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत तुम्ही लिहिलं होतं:

'इथं आजी बराच वेळ गप्प आहेत. मागे कोंबड्यांचा आवाज येतोय. का गप्प झाल्या ते त्यांना विचारू नकोस. पण गप्प झाल्या, हे लिही.'

बस स्टँडवर उभी राहून मी ते वाचलं आणि रडले. आजी गप्प झाल्या तेव्हा मी समोर होते. माझ्याशिवाय ते कुणाला ठाऊक असेल असं मला वाटलंच नव्हतं. आणि तुम्ही, पेपर तपासणी, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, घरचं सगळं सांभाळून, कानाला इअरफोन लावून एका अनोळखी बाईची अख्खी मुलाखत ऐकत बसला होतात. कोंबड्यांसकट.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं. काय विचारलं, काय नाही, ते राहू दे. निघताना त्यांनी आजींना नमस्कार सांगितलाय.

तुमच्यासारखी माणसं जागोजागी असतात, हे मला या वर्षात कळलं. तहसील कचेरीत जुनी हजेरीपत्रकं शोधायला माझ्याबरोबर धुळीत बसलेले शिपाईकाका. लायब्ररीत वेळ संपल्यावरही "घे गं लिहून" म्हणत दिवा चालू ठेवणाऱ्या ताई. यातलं काहीही कुणाच्या ड्यूटीत बसत नाही. बढती मिळत नाही, कुठे नोंद होत नाही. तरी करतात. ज्यांनी सही करून हात झटकले त्यांना पगार तेवढाच मिळतो, हे मात्र मला आजही पचत नाही, आणि पचावं असंही वाटत नाही.

तुमचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही, तुम्हाला आवडणार नाही म्हणून. पण तुमच्या हाताखाली शिकलेली पोरं लगेच ओळखतील.

बाइंड केलेली एक प्रत आजींसाठी ठेवलीय. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी जाऊन वाचून दाखवणार आहे. तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, "त्या बाईला घिऊन ये, जेवायलाच या." येत्या रविवारी सकाळच्या दहिवडी गाडीने निघतेय. तुम्हाला जमणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्यांना निरोप देते.

आपली विद्यार्थिनी