ज्येष्ठ घरमालकांच्या घरपट्टी सवलतीसाठी मदतीचे आवाहन

सर्व नागरिकांस सविनय निवेदन,

घरपट्टी ठरते ती घराच्या मूल्यावरून, त्यात राहणाऱ्याच्या उत्पन्नावरून नव्हे. त्यामुळे परिसरातील मालमत्तांचे भाव चढले, की ज्यांनी घर विकण्याचे मनातही आणलेले नाही आणि ज्यांचे निवृत्तिवेतन फारसे वाढलेले नाही, अशा ज्येष्ठांवरील कराचा बोजाही वाढतो. हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९६४ मध्येच उत्पन्नाच्या मानाने कर जड जाणाऱ्या वृद्धांना दिलासा देण्याची तरतूद केली, तर कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या पात्र घरमालकांना कर लांबणीवर टाकता येतो.

तरतूद असली तरी सवलत सहसा आपोआप मिळत नाही. त्यासाठी मुदतीत अर्ज करावा लागतो, कित्येकदा दरवर्षी नव्याने, आणि वय, मालकी, प्रत्यक्ष वास्तव्य व उत्पन्न यांचे पुरावे जोडावे लागतात. खरी अडचण मालकीच्या नोंदीपाशी येते. घर दिवंगत पतीच्या नावावर असते, वारसनोंद राहून गेलेली असते, आणि सारे आयुष्य त्याच घरात काढलेली पत्नी कागदोपत्री मालक ठरत नाही. तोवर मुदत टळते आणि थकबाकीवर व्याज चढू लागते. ज्यांना सवलतीची सर्वाधिक गरज, तेच तिच्यापासून वंचित राहतात, हे आम्हांला अत्यंत अन्यायाचे वाटते.

म्हणून आमची संस्था साहाय्य निधी उभारत आहे. वारसनोंदीचा व दाखल्यांचा खर्च आणि अर्ज प्रलंबित असताना भरावा लागणारा कर यांसाठीच तो वापरला जाईल. आपण यथाशक्ती देणगी द्यावी. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी थोडा वेळ द्यावा: आकारणीची नोटीस वाचून दाखवणे, अर्ज भरणे, हरकतीच्या सुनावणीस सोबत जाणे, ही कामे मनुष्यबळाअभावी अडतात. वकील, लेखापाल व निवृत्त कर्मचारी यांची आम्हांला विशेष गरज आहे. कर लांबणीवर टाकणे म्हणजे करमाफी नव्हे. ती रक्कम बहुधा व्याजासह, घर विकताना किंवा मालकाच्या पश्चात वसूल होते. हे ज्येष्ठांना व त्यांच्या वारसांना सही करण्यापूर्वीच समजावून सांगणारी जाणकार व्यक्ती हवी.

स्वयंसेवकांनी मूळ कागदपत्रे किंवा बँकेचे तपशील स्वतःकडे ठेवू नयेत, ही आमची अट आहे. प्रत्येक देणगीची पावती देण्यात येईल आणि निधीचा हिशेब कोणाही देणगीदारास संस्थेच्या कार्यालयात पाहता येईल.