वरची खोली

शिंदे की छावनी, लष्कर
ग्वाल्हेर, डिसेंबर

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही, घाल शिव्या. गुडघे तसेच, साखर आटोक्यात. आज बसलोय ते एका खोलीपायी.

वरची खोली रिकामी आहे. परवा एक तरुण मास्तर बघायला आला. गणित शिकवतो, बोलणं आर्जवी, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायला तयार. नाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, कालच दिली हो!" तो गेल्यावर हिनं त्याच्यासाठी ओतलेला चहा परत पातेल्यात ओतला. बोलली काही नाही.

हसतोयस ना? १९७७ची वादस्पर्धा आठव. बेचाळिसाव्या दुरुस्तीनं घटनेच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द नुकताच घातलेला, आणि तू सर्वधर्मसमभावाचं कीर्तन लावलंस. मी म्हटलं, समभाव ज्याचा त्याच्या मनात. सरकारनं कुठल्या धर्माची बाजू घेऊ नये, एवढाच अर्थ. टाळ्या मला, ढाल तुला. परीक्षक तुझे मामा होते, हे मी विसरलेलो नाही! घरी परतताना तू विचारलंस, "शेजारधर्म हाही धर्मच. त्याच्यापासूनही निरपेक्ष का रे?" मी तुला भटजी म्हणालो.

आता नातीच्या पुस्तकात हिंदी उद्देशिका बघतो, तर तिथे 'पंथनिरपेक्ष'. मराठीत 'धर्मनिरपेक्ष'. म्हणजे आपलं भांडण हिंदीत झालं असतं तर तू अर्ध्यावरच जिंकला असतास.

रात्री घटना काढली. पंधरावं कलम: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, कुठेही धर्मावरून अडवायचं नाही. भाड्याची खोली त्यात नाही. सुटलो! माझ्याच व्याख्येनं सुटलो, बंड्या, आणि तेव्हापासून झोप नाही.

काल हजिऱ्याला तानसेन समारोहाला गेलो. आधी ढोलीबुवांची हरिकथा, मग मीलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिपठण, मग तानसेनाच्या कबरीवर चादर. पाहुण्यांना दरवर्षी मी हे ऐटीत दाखवतो, जणू आमच्याच घरचं कार्य. या वेळी मीलाद सुरू झाला आणि मी चपला शोधायला उठलो.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? चिरंजीव जर्मनीतच? बरं.

मास्तरचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला आहे. "कालचा भाडेकरू पळाला" म्हणू? ते दुसरं खोटं. तू मला काय म्हणशील ते ठाऊक आहे, ते लिहू नकोस. फोनवर पहिलं वाक्य काय बोलू, तेवढं कळव. लवकर, कारण खोली बघायला रविवारी आणखी कुणी येणार आहे.

तुझा,
नाना